परदेशी उच्च शिक्षणाचा अर्ज : आनंदीबाई जोशी ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८८३ ते १९२७) – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रातील विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागले. त्यांच्या चरित्रांत जिद्द, हालअपेष्टा व यश यांचे वर्णन विपुल आढळते. परंतु त्यांनी माहिती कोठून मिळविली, अर्ज कसा केला, खर्चाची तरतूद कशी केली आणि त्या तरतुदीबरोबर कोणत्या अटी स्वीकारल्या, या व्यावहारिक बाजूची स्वतंत्र चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात आनंदीबाई जोशी व डॉ. बाबासाहेब आंबेडकर या दोन उदाहरणांच्या आधारे ही बाजू तपासली आहे. गुणवत्तेइतकेच मध्यस्थाचे पत्र आणि शिष्यवृत्तीची अट हे घटक या इतिहासात निर्णायक ठरले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : परदेशी शिक्षण, प्रवेश अर्ज, शिष्यवृत्ती, शिफारसपत्र, करार, संस्थाने.

प्रस्तावना :

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आज काही ठरावीक टप्प्यांतून जावे लागते. योग्य अभ्यासक्रमाची निवड, उद्दिष्टपत्राचे लेखन, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, आर्थिक क्षमतेचा पुरावा, प्रवेशपरवाना आणि शेवटी प्रत्यक्ष प्रयाण असा हा क्रम आहे. ही व्यवस्था अलीकडच्या काळाची देणगी आहे असा सर्वसाधारण समज दिसतो. वस्तुतः या प्रत्येक टप्प्याचे पूर्वरूप शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी विद्यार्थ्यांच्या पत्रव्यवहारात सापडते. फरक एवढाच की, त्या काळी टप्पे ठरलेले नव्हते. प्रत्येक विद्यार्थ्याला आपली वाट स्वतःच आखावी लागे आणि तो क्रम पुष्कळदा उलटसुलट होई.

मराठी चरित्रलेखनाने या विद्यार्थ्यांचा मोठा गौरव केला आहे व तो यथार्थच आहे. मात्र गौरवाच्या भरात एक गोष्ट झाकली जाते. यश हे केवळ व्यक्तीच्या इच्छाशक्तीचे फळ मानले की, ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्या ठायी इच्छाशक्ती कमी होती असा अर्थ आपोआप निघतो. अध्यापकाच्या दृष्टीने हा निष्कर्ष घातक आहे. म्हणूनच इच्छाशक्तीच्या जोडीला कोणती साधने लागली, याचा शोध घेणे अगत्याचे वाटते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. परदेशी शिक्षणाची माहिती व प्रवेश मिळविण्याच्या तत्कालीन मार्गांचा शोध घेणे.
२. खर्चाच्या तरतुदीचे स्वरूप व तिच्याशी निगडित अटींचे विश्लेषण करणे.
३. या इतिहासातून आजच्या महाविद्यालयीन अध्यापकाच्या भूमिकेविषयी काही बोध मिळतो का, हे पाहणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रकाशित चरित्रे, भाषणे, पत्रे व आत्मनिवेदने यांतून सर्वपरिचित असलेल्या माहितीची येथे अर्जाच्या टप्प्यांनुसार फेरमांडणी केली आहे. नवी कागदपत्रे उजेडात आणल्याचा दावा नाही. जुन्याच माहितीला वेगळा प्रश्न विचारण्याचा हा प्रयत्न आहे.

आनंदीबाई जोशी : प्रवेशापूर्वीचे प्रयाण

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यातील नोकर गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले आणि वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचले असते, ही जाणीव त्यांच्या निश्चयाच्या मुळाशी होती. हा भाग सर्वांस ठाऊक आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती पुढची पत्रापत्री.

१८७८ च्या सुमारास गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. पत्नीचे शिक्षण आणि आपल्याला अमेरिकेत नोकरी, अशी दुहेरी विनंती त्यात होती. वाइल्डर हे पूर्वी कोल्हापुरात काम केलेले गृहस्थ होते. त्यांनी मदतीची तयारी दाखविली, पण ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची अपेक्षा व्यक्त केली. जोशी दांपत्याला ती मान्य नव्हती. अर्ज म्हणून पाहिले तर हा प्रयत्न येथेच संपला होता. परंतु वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला आणि न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता वाचला. १८८० पासून त्यांचा आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यातून अमेरिकेत राहण्याच्या जागेची सोय झाली. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव थॉरबर्न या डॉक्टर दांपत्याने सुचविले.

नाकारला गेलेला अर्ज छापला गेल्यामुळे उपयोगी पडला, ही घटना योगायोगाची खरीच. पण तिचा अर्थ योगायोगापुरता मर्यादित नाही. माहितीची कोणतीही अधिकृत यंत्रणा नसताना मिशन, टपाल व नियतकालिके हेच परदेशी शिक्षणाचे माहितीकेंद्र होते. त्या जाळ्यापर्यंत पोहोचता येणे हा स्वतःच एक अधिकार होता. गोपाळराव टपाल खात्यात होते व त्यांना इंग्रजी पत्र लिहिता येत होते, हे येथे विसरता कामा नये.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. अमेरिकेस का जायचे, देशात शिकण्याची सोय नाही काय, एकटीने का जायचे, परतल्यावर जात बहिष्कार घालणार नाही काय, संकट ओढवले तर काय, आणि इतर स्त्रिया जे करीत नाहीत ते आपणच का करावे, अशा सहा प्रश्नांची उत्तरे त्यांनी त्यात दिली. आज उद्दिष्टपत्रात विद्यार्थ्याला जे विचारले जाते, त्यातील बहुतेक सारे येथे आहे. मात्र आजचे उद्दिष्टपत्र प्रवेश समितीपुढे ठेवले जाते. आनंदीबाईंना ते प्रथम स्वतःच्या समाजापुढे ठेवावे लागले. त्यांच्यापुढे दोन प्रवेश समित्या होत्या, एक फिलाडेल्फियातील आणि दुसरी घरची. पहिलीपेक्षा दुसरी अधिक कठोर होती.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याहून प्रस्थान ठेवले. पती बरोबर नव्हता. ओळखीच्या मिशनरी स्त्रियांची सोबत होती. सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर, ४ जून रोजी, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. महाविद्यालयाचे चिटणीस अल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेला त्यांचा प्रसिद्ध अर्ज यानंतरचा, न्यू जर्सीतला आहे. म्हणजे प्रवेशाची खात्री होण्यापूर्वीच त्यांनी समुद्र ओलांडला होता! प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पूर्ण करू शकणार नाही, हे त्यांनी अर्जात प्रांजळपणे मान्य केले. पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची सेवा करणे हा हेतू त्यांनी त्याच प्रांजळपणे सांगितला. अधिष्ठाता रेचल बॉडली यांच्या महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला व तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही दिली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूर संस्थानाने त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागावर नेमणूक केली. परंतु क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई ती स्वीकारून काम करू शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची प्रकृती निघण्यापूर्वीच नाजूक होती. परदेशातील थंडी, आहाराचे निर्बंध व अभ्यासाचा ताण यांची गणना कोणत्याही नियोजनात नव्हती. प्रवेश, निवास व पैसा यांची व्यवस्था झाली, विद्यार्थिनीच्या शरीराची झाली नाही. या कथेतील सर्वांत मोठी त्रुटी ही आहे आणि आजही परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती पुरती दूर झाली आहे असे म्हणवत नाही.

शिष्यवृत्ती आणि अट :

यानंतरच्या तीन-चार दशकांत परदेशी जाणाऱ्यांचे मार्ग वाढले. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या मागे मुंबईतील डॉ. इडिथ पीची यांचे प्रोत्साहन होते. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला व कर्जाऊ शिष्यवृत्तीची प्रथा पाडली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि परतून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या सेवेत रुजू झाले. विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने, श्यामजी कृष्णवर्मा यांच्यामार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर लंडनला गेले.

ही उदाहरणे एकत्र ठेवली असता एक सूत्र हाती लागते. विनाअट पैसा जवळजवळ कोठेच नव्हता. वाइल्डर यांच्या मदतीमागे धर्मांतराची अपेक्षा होती. टाटा निधीची रक्कम फेडावयाची होती. परांजपे यांच्यावर मायदेशीच्या शिक्षणसंस्थेला दिलेल्या शब्दाचे बंधन होते. कृष्णवर्मांच्या शिष्यवृत्तीत तर सरकारी नोकरी न करण्याची अट होती. देणारा कोण, यावरून विद्यार्थ्याने पुढे कोणाचे व्हायचे, हे ठरत होते. अट ही नेहमीच अन्यायकारक होती असे नव्हे. परांजपे यांच्या शब्दामुळे पुण्याला एक श्रेष्ठ प्राचार्य लाभला. परंतु अट पाळण्याजोगी परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी देणाऱ्याचीही असते. ती न पाळली गेल्यास काय होते, याचे उत्तर पुढील उदाहरणात मिळते.

डॉ. आंबेडकर : करार, खंड आणि मुदत

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर भीमराव आंबेडकर यांची महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी परदेशी शिक्षणासाठी निवड केली. ४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानाशी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळावयाची होती आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची सेवा करावयाची होती. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

शिष्यवृत्तीची मुदत तीन वर्षांची आहे, हे लक्षात घेऊनच त्यांनी अभ्यासाची आखणी केलेली दिसते. केवळ अर्थशास्त्रातच त्यांनी एकोणतीस अभ्यासक्रम घेतले. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय त्याखेरीज होते. १९१५ मध्ये प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधाबद्दल एम. ए. ची पदवी मिळाली. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. १९१६ च्या उन्हाळ्यात ते लंडनला गेले आणि ऑक्टोबरमध्ये एकाच वेळी ग्रेज इन व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे त्यांनी नाव नोंदविले. लंडन स्कूलचे शुल्क तेव्हा दहा पौंड दहा शिलिंग होते. महिन्याच्या शिष्यवृत्तीशी ही रक्कम ताडून पाहिली म्हणजे तिचे वजन कळते. या नव्या शहरात त्यांच्यासाठी दार उघडले गेले ते कोलंबियातील प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनमधील विद्वानांना लिहिलेल्या परिचयपत्रांमुळे.

येथेच नियोजन मोडले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांनी केलेली एक साधी कृती मात्र पुढे सर्वांत मोलाची ठरली. चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी निघण्यापूर्वी मिळवून ठेवली. पुढील तीन वर्षांतील त्यांच्या धडपडीवर या मुदतीची सावली आहे.

करारानुसार ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास गेले. महालेखापालांच्या कार्यालयात नोकरी होती, पण राहावयास जागा नव्हती. नाव बदलून ते पारशी धर्मशाळेत उतरले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. दहा वर्षांच्या सेवेचा करार करणाऱ्या संस्थानात त्या करारातील सेवकाला एक खोली मिळू शकली नाही. करार विद्यार्थ्याने मोडला असे कागदोपत्री दिसेल. तो पाळणे अशक्य करणारा समाज कराराच्या कोणत्याही कलमात नव्हता.

नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली व पगारातून बचत केली. छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले. कोलंबियातील सहाध्यायी नवल भथेना यांनी कर्ज दिले. जुलै १९२० मध्ये, मुदत टळण्यापूर्वी, ते पुन्हा लंडनला निघाले. या खेपेस संस्थानाची शिष्यवृत्ती नव्हती. पगार, देणगी व मित्राचे कर्ज अशी तिपेडी दोरी होती. शुल्क अकरा पौंड अकरा शिलिंग झाले होते. १९२१ मध्ये एम. एस्सी., जून १९२२ मध्ये बॅरिस्टरी, ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध असा क्रम झाला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंधाचे फेरलेखन सुचविले. पैसे संपल्यामुळे त्यांना एप्रिलमध्ये मायदेशी यावे लागले. फेरलेखन मुंबईतच करून त्यांनी प्रबंध पुन्हा पाठविला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली.

कोलंबियाची पीएच. डी. आणखी लांबली. मुद्रित प्रबंधाच्या प्रती दाखल केल्याशिवाय पदवी प्रत्यक्ष प्रदान न करण्याचा त्या विद्यापीठाचा तत्कालीन नियम होता. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये लंडनमध्ये छापला गेला, त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना होती, आणि १९२७ मध्ये पदवी मिळाली. १९१३ च्या करारात तीन वर्षांची गणना होती. प्रत्यक्षात शेवटची पदवी हाती येण्यास चौदा वर्षे लागली. बुद्धीची उणीव यात कोठेही नाही. लागला तो पैशाचा, मुदतीचा व छपाईचा काळ.

दोन अर्जांची तुलना :

दोन्ही उदाहरणांत विद्यार्थी व संस्था यांच्यामध्ये एक तिसरी व्यक्ती उभी आहे. आनंदीबाईंच्या बाबतीत ती कार्पेंटर बाईंच्या रूपाने, तर डॉ. आंबेडकरांच्या बाबतीत सेलिग्मन यांच्या रूपाने दिसते. एकीने घर दिले, दुसऱ्याने पत्र दिले. दोघांनाही विद्यार्थ्याकडून काही मिळवावयाचे नव्हते. दोन्ही ठिकाणी एखादे संस्थान आहे. कोल्हापूरने नेमणूक देऊ केली ती विद्यार्थिनीच्या हयातीच्या अखेरीस पोहोचली. बडोद्याने आरंभी पैसा दिला, पण अखेरीस आसरा देता आला नाही.

भेदही तितकेच बोलके आहेत. आनंदीबाईंना जाण्यापूर्वी समाजाची समजूत घालावी लागली. बहिष्काराची भीती त्यांच्यापुढे परतण्याच्या प्रश्नाच्या रूपाने उभी होती. डॉ. आंबेडकर तर बहिष्कृत म्हणूनच जन्मास आले होते. परदेशात त्यांना जी मोकळीक मिळाली ती परतताच संपली. त्यामुळे परदेशी शिक्षणाच्या नियोजनात परतीचा टप्पा सर्वांत दुबळा राहिला, हे दोन्ही जीवनांतून सारखेच सिद्ध होते.

या अनुभवाचे पुढे धोरणात रूपांतर झाले, ही समाधानाची बाब होय. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना डॉ. आंबेडकरांनी १९४२ च्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाचा प्रश्न सरकारपुढे मांडला. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. महाराष्ट्र शासनाच्या अशाच योजनेस राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले गेले आहे. व्यक्तीच्या दातृत्वावर अवलंबून असलेली गोष्ट हक्काच्या दिशेने सरकली, हा या इतिहासाचा महत्त्वाचा टप्पा मानावा लागेल.

निष्कर्ष :

१. परदेशी शिक्षणाच्या आरंभकाळात माहितीचे जाळे मिशन, नियतकालिके व वैयक्तिक पत्रव्यवहार यांचे होते. इंग्रजी लेखनाची क्षमता ही त्या जाळ्यात शिरण्याची पहिली पात्रता होती.
२. गुणवत्ता आवश्यक होती, पण पुरेशी नव्हती. मध्यस्थाचे निरपेक्ष पत्र दोन्ही उदाहरणांत निर्णायक ठरले.
३. बहुतेक शिष्यवृत्त्या सशर्त होत्या. अट विद्यार्थ्यावर बंधनकारक असे. ती पाळता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे दात्यावर बंधनकारक नव्हते.
४. मुदत, शुल्क व छपाई यांसारख्या किरकोळ वाटणाऱ्या नियमांनी अभ्यासाची वर्षे लांबविली.
५. आरोग्य व परतीनंतरचे जीवन हे नियोजनातील सर्वांत दुर्लक्षित घटक होते.

समारोप :

शिफारसपत्र मागण्यासाठी विद्यार्थी आपल्याकडे येतात तेव्हा बहुधा मुदतीचा शेवटचा दिवस असतो. आपणही घाईने ठरावीक साच्यातील चार ओळी लिहून देतो आणि स्वाक्षरी करतो. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही हे अनेकदा घडले आहे. ज्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्या घरातील विद्यार्थ्याजवळ कार्पेंटर बाई नसतात आणि संस्थानही नसते. त्याच्याजवळ असतो तो वर्गात शिकविणारा अध्यापक. या विद्यार्थ्याला अर्जाचा दिनांक वेळेवर सांगणे, त्याचा मसुदा वाचणे, कराराची कलमे त्याच्याबरोबर बसून समजून घेणे, अभ्यासात खंड पडलाच तर प्रवेश राखून ठेवण्याची परवानगी आधी माग असे सुचविणे, आणि त्याला खरोखर ओळखून पत्र लिहिणे, ही कामे कोणत्याही कार्यभाराच्या तक्त्यात मोजली जात नाहीत. परंतु सेलिग्मन यांची पत्रे तरी कोणत्या तक्त्यात मोजली गेली होती?